पहिला करार आणि पुढची पाच वर्षे

9 ऑक्टोबर 2017. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला आणि भारताने कोलंबियाशी बरोबरी साधली. कोणत्याही वयोगटाच्या फिफा विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली आणि सामना 2-1 असा जिंकला. तिन्ही साखळी सामने हरून भारताचा सतरा वर्षांखालील संघ स्पर्धेबाहेर पडला.

त्या संघातल्या 21 मुलांना एकच शिबिर, एकच आहार आणि लुईस नॉर्टन द मातोस हे एकच पोर्तुगीज प्रशिक्षक मिळाले होते. तरीही पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांच्या वाटा पार फाकल्या. जॅक्सन, सुरेश सिंग वांगजाम, अपुईया या नावाने ओळखला जाणारा लालेंगमाविया, अन्वर अली ही मुले वरिष्ठ भारतीय संघात पोचली. काहींची नावे आज फुटबॉलचे पक्के चाहते सोडले तर कुणाला आठवणार नाहीत. गुणवत्तेत फरक होता, दुखापतींनीही काहींचा घात केला. पण या पिढीच्या कारकिर्दी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळक दिसते. अठरा ते तेवीस या वयात खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात किती मिनिटे खेळला, यावर त्याचे पुढचे बरेच काही ठरले. आणि ती मिनिटे मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा मैदानाबाहेर, एखाद्या टेबलावर झालेल्या सहीने ठरत होते.

म्हणून पहिला करार समोर आला की घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो, तो दुसऱ्या क्रमांकावर ढकलावा. पहिला प्रश्न खेळायला किती मिळेल हा.

विश्वचषकानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने यातल्या बहुतेक मुलांना ‘इंडियन ॲरोज’ या संघातून थेट आय-लीगमध्ये उतरवले. सतरा-अठराची पोरे, समोर दाढीमिशा असलेले व्यावसायिक आणि परदेशी खेळाडू. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 असे हरवले आणि त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे होते. उरलेला हंगाम मात्र खडतर गेला, पराभव पुष्कळ पदरी आले. पण हरलेल्या सामन्यातली नव्वद मिनिटेही शिकवून जातात. धक्का कसा सोसायचा, ऐंशीव्या मिनिटाला पाय जड झाल्यावर निर्णय कसा घ्यायचा, चूक झाल्यावर पुढच्या दहा सेकंदांत काय करायचे, या गोष्टी सरावात येत नाहीत. महासंघाने 2022 मध्ये हा संघ बंद केला. आता रिझर्व्ह संघ, राज्य लीग आणि 2022 मध्ये सुरू झालेली रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग ही तरुणांची मिनिटे मिळवण्याची ठिकाणे आहेत. पण एकाच संघातून, एकाच वयात, वरच्या पातळीवर आठवड्यामागून आठवडे खेळण्याची तशी सोय आज नाही, आणि तिची उणीव जाणवते.

त्याच विश्वचषक संघाचा गोलरक्षक धीरज सिंग याची वाट पाहण्यासारखी आहे. स्पर्धेत सर्वाधिक कौतुक त्याच्या वाट्याला आले. त्यानंतर तो स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबकडे चाचणीसाठी गेला, मग केरळ ब्लास्टर्स, मग एटीके. कोलकात्याच्या त्या बलाढ्य संघात त्याला खेळायला फारसे मिळालेच नाही. जानेवारी 2021 मध्ये तो एफसी गोवाकडे आला. तीन महिन्यांत, वयाच्या विसाव्या वर्षी, फातोर्ड्याच्या मैदानावर आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये तो अल रय्यान आणि अल वाहदा या अरबी संघांपुढे उभा राहिला आणि दोन्ही सामने गोलशून्य बरोबरीत सुटले. तीन महिन्यांत त्याच्या अंगात नवे काही कौशल्य आले नव्हते. त्याला जागा मिळाली होती.

उलट दिशेचे उदाहरण मडगावजवळच्या लिस्टन कुलासोचे. साळगावकरकडून आणि संतोष करंडकात गोव्याकडून चमकलेला हा मुलगा एफसी गोवात गेला. घरचा संघ, घरचे प्रेक्षक, पण त्याच्या जागेवर अनुभवी माणसे आधीच होती आणि तो बहुतेक वेळ बाकावर राहिला. जानेवारी 2020 मध्ये त्याने गोवा सोडून नव्याकोऱ्या हैदराबाद एफसीची वाट धरली. गुणतक्त्यात तेव्हा हैदराबाद तळाला होते. पुढच्या हंगामात तिथे त्याच्या पायाला भरपूर चेंडू आला, देशाला त्याचे नाव कळले आणि 2021 मध्ये मोहन बागानने हस्तांतरण शुल्क मोजून त्याला नेले. मोठ्या संघाची जर्सी सोडून लहान संघाकडे जाणे घरच्यांना मागे गेल्यासारखे वाटते. एकोणीस-वीसच्या वयात ते बऱ्याचदा पुढचे पाऊल असते.

धीरजचे उदाहरण वर आले असले तरी याला एक अपवाद आहे आणि तो गोलरक्षकांचा. संघात त्यांची जागा एकच असते आणि ते उशिरा पिकतात. गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला, तिथे त्याने दीर्घ काळ वाट पाहिली आणि 2016 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. रोजचा सराव उंच दर्जाचा असेल तर गोलरक्षकाने एक-दोन वर्षे बाकावर काढण्यात अर्थ असतो. विंगर किंवा मिडफिल्डरने ती चैन करू नये.

सही करण्यापूर्वी प्रशिक्षकाला किंवा क्लबच्या क्रीडा संचालकाला सरळ विचारावे: माझ्या जागेवर माझ्या आधी किती जण आहेत? त्यांचे करार किती वर्षांचे आहेत? मी पहिल्या संघात आलो नाही तर रिझर्व्ह संघाला वर्षाला किती सामने मिळतात? जानेवारीपर्यंत खेळायला मिळाले नाही तर लोनवर, म्हणजे तात्पुरते दुसऱ्या क्लबकडे, पाठवणार का, आणि ते लिहून देणार का? या प्रश्नांनी कुणी रागावत नाही. चांगला क्लब उलट खूश होतो. आघाडीच्या फळीत खेळणाऱ्याने एक प्रश्न जास्तीचा विचारावा, तो परदेशी खेळाडूंचा. इंडियन सुपर लीगमध्ये 2021-22 पासून एका वेळी चार परदेशी मैदानावर असू शकतात आणि क्लब त्यातला एक जण हमखास नऊ नंबरच्या जागी घेतो. त्यामुळे अनेक भारतीय स्ट्रायकर विंगवर किंवा त्याहून मागे सरकले. अनिकेत जाधवही पुढे मुख्यतः कडेने खेळू लागला. हे वाईट नाही, पण पंधराव्या-सोळाव्या वर्षीच दुसऱ्या एखाद्या जागेची तयारी ठेवली तर एकोणिसाव्या वर्षी पंचाईत होत नाही. डाव्या पायाच्या मुलांनी तर डावा बॅक म्हणून खेळायला कधीच नाही म्हणू नये. तशा खेळाडूंची वानवा जगभर आहे.

आता कागद. भारतीय करार कायदा 1872 नुसार अठरा वर्षांखालील मुलाने स्वतः केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, म्हणून सही पालकांची लागते. म्हणजेच जबाबदारीही त्यांची. फिफाच्या नियमांप्रमाणे अठराच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा आणि सज्ञान खेळाडूशी पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही. पहिल्या करारासाठी दोन वर्षे ही मुदत बहुतेक मुलांना सोयीची पडते. एका वर्षात बस्तान बसत नाही, आणि चार वर्षे म्हणजे खेळायला मिळाले नाही तर अडकून पडणे. मुदतीच्या शेजारीच एक ओळ अनेकदा लपलेली असते: क्लबला वाटल्यास करार आपोआप एक वा दोन वर्षांनी वाढेल. वाढवण्याचा अधिकार फक्त क्लबला आणि पगार जुनाच, अशी अट असेल तर ती काढून टाकायला सांगावी. नाहीच निघाली तर निदान वाढीव वर्षाचा पगार किती आणि क्लबने हा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत लेखी कळवायचा, हे त्यात घालून घ्यावे.

पगाराचा आकडा वर्षाचा सांगतात, पण तो बारा महिन्यांत विभागलेला आहे की हंगामाच्या आठ-नऊ महिन्यांत, हे विचारायचे राहून जाते. मग मे-जूनमध्ये घरात चणचण सुरू होते. राहणे, जेवण, घरी येण्या-जाण्याचे भाडे, बूट, यातले काय क्लब देणार? दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा, एमआरआयचा, फिजिओचा खर्च कुणाचा, आणि त्या काळात पगार पूर्ण मिळणार का? ही शेवटची ओळ करारात नसेल तर सही थांबवावी, इतकी ती महत्त्वाची आहे. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात. म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम. त्या नऊ महिन्यांत क्लबने हात वर केले तर घाईघाईने परतण्याचा मोह होतो आणि गुडघा दुसऱ्यांदा जातो.

आणखी एक नियम पालकांना क्वचितच ठाऊक असतो. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार वैध, अशी अट फिफाला मान्य नाही. क्लबने तपासणी आधी करायची आणि सही नंतर. तपासणी क्लबवर न सोपवता सोळाव्या-सतराव्या वर्षीच ईसीजी आणि हृदयाची टूडी इको घरच्यांनी करून घ्यावी. अन्वर अलीला 2019 मध्ये राष्ट्रीय शिबिराच्या वेळी हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असल्याचे निदान झाले. महासंघाने त्याला खेळण्यापासून थांबवले. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, नव्याने तपासण्या झाल्या आणि 2021 मध्ये दिल्ली एफसीकडून तो पुन्हा मैदानात उतरला. 2022 मध्ये एफसी गोवाकडून खेळत असतानाच त्याने भारताच्या वरिष्ठ संघात पदार्पण केले. त्याची कहाणी सुखरूप पुढे गेली. पण विसाव्या वर्षी स्टेडियमऐवजी न्यायालयाच्या तारखा मोजणे कुणाच्याही नशिबी येऊ नये.

अन्वरचेच नाव 2024 मध्ये करारांच्या संदर्भात पुन्हा गाजले. दिल्ली एफसीने त्याला चार वर्षांच्या लोनवर मोहन बागानला दिले होते. तो करार मोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि मोहन बागानला 12.90 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश काढला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घेण्याचे ठरले. कोण बरोबर, हा इथला मुद्दा नाही. भारतातल्या अव्वल बचावपटूभोवती, नामांकित क्लब आणि वकील असतानाही, लोनच्या कागदातून एवढा गुंता होतो. मग तालुक्याच्या गावातून आलेल्या, इंग्रजी करार पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाने तो एकट्याने वाचून सही करणे किती धोक्याचे आहे, याचा विचार व्हावा. दोन-तीन हजार रुपये देऊन गावातल्या वकिलाकडून करार मराठीत समजून घ्यावा. लोन किती काळाचे, त्या काळात पगार कोण देणार, परत बोलावण्याचा हक्क कुणाला, आणि मूळ क्लबचा करार लोनच्या आधी संपणार का, हे चार मुद्दे स्वतंत्र कागदावर लिहून घ्यावेत.

एजंट हवा का? पहिल्या करारासाठी बहुतेकांना नको. वकील पुरतो. घ्यायचाच तर हे लक्षात ठेवावे: ऑक्टोबर 2023 पासून फिफाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवलेल्या व्यक्तीलाच एजंट म्हणून काम करता येते आणि अशांची यादी फिफाच्या अधिकृत संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नाव तिथे नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. खेळाडू आणि एजंट यांच्यातला करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसतो. तो संपल्यावरही तुझ्यावर पहिला हक्क माझाच, असे कलम कुणी घातले तर श्रीरामपूरच्या झहीर खानचा दाखला द्यावा. क्रिकेटमधला असला तरी तो इथे तंतोतंत लागू पडतो. त्याच्या व्यवस्थापन कंपनीने असाच हक्क सांगितला होता आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार संपल्यानंतरचे ते बंधन व्यवसायस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून निरर्थक ठरवले.

परदेशी चाचणीच्या नावाखाली पैसे मागणारे लोक हे आपल्याकडचे जुने दुखणे आहे. पोर्तुगाल, स्पेन, सर्बिया, कुठलाही देश सांगतात आणि काही लाख रुपये आगाऊ मागतात. इथे एकच नियम पाठ असला तरी पुष्कळ कुटुंबे वाचतील. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण फिफाने बंद केलेले आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, अशा मोजक्या सवलती तेवढ्या आहेत. सोळा वर्षांच्या कोल्हापूरच्या किंवा वास्कोच्या मुलाला युरोपातला क्लब घेतो म्हणणारा माणूस एक तर नियम जाणत नाही किंवा जाणून फसवतो. खरी चाचणी असेल तर क्लबचे पत्र क्लबच्याच अधिकृत ईमेलवरून येते आणि त्या क्लबला उलट मेल करून खात्री करता येते.

घरच्या मैदानाची ओढ हा महाराष्ट्रातला, त्यातही कोल्हापूरचा, वेगळाच विषय आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही पेठांतल्या तालमींच्या आणि मंडळांच्या फुटबॉल संघांची नावे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडतात, त्याला शाहू स्टेडियमवरची ती गच्च भरलेली गॅलरी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. सतराव्या वर्षी पेठेत त्याला ओळखणारी, चहाचे पैसे न घेणारी माणसे असतात. तोच मुलगा एखाद्या मोठ्या क्लबच्या रिझर्व्ह संघात गेला की प्रेक्षक नसलेल्या मैदानावर सकाळी खेळतो, खोलीत तीन अनोळखी भाषांची मुले असतात आणि जेवणात तिखट नसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बरेच जण परत येतात. पेठेने इथे मोठी मदत करावी. गेलेला मुलगा सणाला आला की ‘आमच्याकडून एक सामना खेळ’ असा आग्रह धरू नये. करारबद्ध खेळाडूला क्लबच्या परवानगीशिवाय बाहेर खेळता येत नाही, आणि तिथे पाय मोडला तर क्लबचा विमा आणि पगार दोन्ही हातचे जाण्याची भीती असते. मुंबईतल्या रिंक फुटबॉललाही, टर्फवरच्या बक्षिसाच्या स्पर्धांनाही हेच लागू. रात्रीच्या पाच हजारांसाठी सिमेंटवर गुडघा पणाला लावू नये.

जाण्याची वेळ कोणती, याचे एकच उत्तर नाही. अनिकेत लवकर निघाला. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शासकीय खर्चाने राहून त्याने शिक्षण आणि खेळ दोन्ही केले. बारा-तेराव्या वर्षी निघायचे असेल तर अशी शाळेसह निवासाची सोय असलेलीच जागा निवडावी. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स, जमशेदपूरची 1987 पासून चालणारी टाटा फुटबॉल अकॅडमी, गोव्यातली सेसा अकॅडमी या नावाजलेल्या आहेत आणि त्यांच्या निवड चाचण्या जाहीर होतात. शाळा नाही, डॉक्टर नाही, वर्षाला सामने दहाच, आणि फी मात्र भरमसाट, अशा अकॅडमीपेक्षा घरी राहून शाळेच्या संघातून सुब्रतो कप खेळणे कितीतरी बरे.

अकॅडमी कोणतीही असो, दोन कागदी गोष्टी चोख असाव्यात. पहिली जन्मतारीख. वय चोरून एखादी स्पर्धा जिंकता येते, पण महासंघ हाडांची टीडब्ल्यू3 चाचणी करतो आणि तिथे पकडले गेले की ठपका कायमचा लागतो. शिवाय चोरलेल्या वयामुळे मुलगा बरोबरीच्यांशी कधी झुंजतच नाही, हे नुकसान आणखी मोठे. दुसरी गोष्ट नोंदणी. महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत बाराव्या वर्षापासून प्रत्येक हंगामाची नोंद योग्य क्लबच्या नावे झालेली हवी. फिफाच्या नियमांनुसार खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा आणि तेवीस वर्षांचा होईपर्यंतच्या हस्तांतरणांत, त्याला बारा ते एकवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मिळू शकते. करार चालू असताना शुल्क देऊन हस्तांतरण झाले तर त्या रकमेतला पाच टक्के वाटा बारा ते तेवीस या वयातल्या क्लबांत विभागला जातो. पेठेतल्या तालमीने किंवा सासष्टीतल्या एखाद्या गावच्या क्लबने ज्याला बूट घेऊन दिले, तो पुढे मोठा झाला तर त्या क्लबला हक्काचे पैसे मिळण्याची वाट इथून जाते. नोंदच नसेल तर ती बंद. याच हक्काचा दुरुपयोगही होतो. ना हरकत प्रमाणपत्रासाठी मुलाच्या वडिलांकडेच रोख मागितली जाते. ती देऊ नये. भरपाई हा दोन क्लबांमधला व्यवहार आहे, कुटुंबाचा त्याच्याशी संबंध नाही.

क्लब बंद पडतात, हेही मनाशी ठेवूनच पावले टाकावीत. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये गुंडाळला गेला. पुण्यात तर पुणे एफसी, एकच हंगाम खेळलेला भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार क्लब काही वर्षांच्या अंतराने दिसेनासे झाले. मुंबई एफसी 2017 नंतर नाही. 2025 च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा नवा हंगामच स्थगित झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. असे झाले तर काय करावे? दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी नोटीस द्यावी आणि किमान 15 दिवसांची मुदत द्यावी. तरीही पैसे आले नाहीत तर फिफाच्या नियमांनुसार खेळाडूला योग्य कारणासह करार संपवता येतो. नोटीस न देता नुसते निघून गेले तर मात्र करार मोडल्याचा दोष खेळाडूवरच येतो. तोंडी आश्वासनांवर, व्हॉट्सॲपवरच्या ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर सहा महिने घालवू नयेत. दाद महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे मागता येते, आणि 2006 पासून काम करणारी फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना मार्गदर्शन करते. तिचे सदस्यत्व पहिल्याच हंगामात घ्यावे.

शरीराविषयी बोलायचे तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे ‘फिफा 11+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप. त्यात पंधरा व्यायाम आहेत, महागडी साधने लागत नाहीत, आणि नियमित केल्यास दुखापती लक्षणीय कमी होतात हे अभ्यासांनी दाखवले आहे. आपल्याकडच्या किती मैदानांवर मुले तो करताना दिसतात? बहुतेक जण गोलवर दोन शॉट मारतात आणि सामना सुरू होतो. औषधांच्या बाबतीत तर फार जागरूक राहावे. भारताचा नावाजलेला गोलरक्षक सुब्रत पाल 2017 मध्ये टर्ब्युटालिन या प्रतिबंधित घटकाच्या चाचणीत पॉझिटिव्ह आढळला. खोकल्याच्या औषधातून ते शरीरात गेल्याचे त्याचे म्हणणे होते. हा घटक आपल्याकडच्या साध्या कफ सिरपमध्ये सर्रास असतो. डोपिंगच्या नियमांत ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर पुरेसे धरले जात नाही. म्हणून सर्दी झाली तरी मेडिकलवाल्याकडून परस्पर बाटली आणू नये. क्लबच्या डॉक्टरला विचारावे किंवा नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर औषधाचे नाव तपासावे. जिममधल्या मित्राने दिलेल्या पावडरीचा डबा तर उघडूच नये.

मुलींच्या बाबतीत वरचे सगळे लागू आहेच, आणि काही जास्तीचेही. इंडियन विमेन्स लीगमधले करार पूर्वी स्पर्धेपुरते, काही आठवड्यांचे असत. 2023 मध्ये महासंघाने लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचा करार करावा असे ठरवले. त्या दहांत आपण आहोत का, हे मुलीने थेट विचारावे. फिफाच्या 2021 पासूनच्या नियमांत व्यावसायिक खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची पगारी मातृत्व रजा आहे. तिला आळा घालणारी कोणतीही अट करारात चालत नाही.

पहिला पगार हाती आला की घरचे कर्ज फेडण्याची इच्छा स्वाभाविक आणि सुंदर आहे. तेवढे करून उरलेल्यातला ठरावीक हिस्सा, मोटारसायकलचा विचार करण्याआधी, दर महिन्याला बाजूला पडावा. खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर असावे. क्लब कापून घेत असलेला कर खरेच जमा झाला का, हे दरवर्षी फॉर्म 26एएसमध्ये पाहावे आणि विवरणपत्र भरावे. अनेकांचा परतावा केवळ ते न भरल्याने पडून राहतो.

आणि वेळ. राहुल भेके हा मुंबईचा बचावपटू एअर इंडिया, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी अशी गावे करत पुढे सरकला. अठराव्या वर्षी त्याच्याविषयी कुणी लेख लिहिले नव्हते. मार्च 2019 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, मुंबईच्याच मैदानावर जादा वेळेत त्याच्या हेडरने बंगळुरू एफसीला इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळाले. 2024 मध्ये मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्याने तो चषक पुन्हा उचलला. बावीस-तेविसाव्या वर्षी वरच्या लीगचा करार नसेल तर लगेच खेळ सोडण्याचे कारण नाही. रेल्वे, सेनादल, बँका यांचे संघ आणि संतोष करंडक हे मार्ग खुले आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी राज्य व राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून, विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून पडताळून घ्यावी लागतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी खेळत-खेळत पूर्ण होते. प्रशिक्षक व्हायची आवड असेल तर महासंघाचा डी लायसन्स अभ्यासक्रम राज्य संघटनांमार्फत होतो, आणि तो खेळत असतानाच केलेला चांगला. एकविसाव्या वर्षी दहा वर्षांच्या पोरांना पास कसा द्यायचा हे समजावून सांगताना स्वतःचा पास का चुकतो, ते अनेकांना तिथे पहिल्यांदा नीट कळते.